तुमचा आवडता काल्पनिक जीव कोणता, आणि तो जगतो कशावर?

शाळा_सुटली

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. अन्नजाळ्याचा धडा आला की तेच गवत, तोच नाकतोडा, तोच बेडूक, तोच साप. मुलं बाण बरोबर काढतात, मार्क मिळवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. त्यातला थरार त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. यंदा मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. विज्ञानकथेतला किंवा अद्भुतकथेतला एक जीव वर्गात आणायचा आणि मुलांना त्याच्या मागावर सोडायचं. हा खातो काय? याची पिल्लं कुठे वाढतात? याला भीती कशाची? हा उद्या नाहीसा झाला तर कुणाचं अडेल?

तर तुमच्या मनात घर करून बसलेला जीव सांगा. नुसतं नाव टाकून जाऊ नका, तो जगतो कसा ते लिहा. पुस्तकातला, सिनेमातला, कुठलाही चालेल.

माझा आधी सांगते. होर्टा. 'स्टार ट्रेक' या अवकाशप्रवासाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या पहिल्या आवृत्तीत १९६७ साली दाखवलेल्या एका भागातली. एका दूरच्या ग्रहावर खाण आहे. खोल बोगद्यांत कामगार मरायला लागलेत, पन्नासहून जास्त गेलेत, अंगं ॲसिडने जळालेली. कुणीतरी अखंड खडकातून आरपार ये-जा करतंय, आणि एके दिवशी ते अणुभट्टीचा पंपच काढून नेतं. राक्षस आहे, दिसेल तिथे मारा, असं सगळ्यांचं ठरलेलं. समोर येतो तेव्हा तो वितळून पुन्हा थिजलेल्या दगडाचा ढीग असतो, झालर फरफटत सरपटणारा.

आता गंमत बघा. खाणवाल्यांना एका नव्या मजल्यावर सिलिकॉनचे हजारो गोल गोटे सापडलेले असतात. खाणीच्या प्रमुखाने एक टेबलावर शोभेला ठेवलाय. कितीतरी फोडून टाकलेत. ती अंडी होती. होर्टांची अख्खी जात दर पन्नास हजार वर्षांनी मरते, एकच मादी मागे उरते आणि सगळ्या अंड्यांची आई होते. या बाईने फक्त आपल्या लेकरांच्या खोलीत शिरलेल्यांना हाकललं होतं.

यानावरचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक तिच्या मनाशी मन जोडतो आणि तिच्याच वेदनेने कळवळून ओरडतो, तो प्रसंग मला अजूनही सहज बघवत नाही. पुढे यानावरचा डॉक्टर मॅकॉय तिची जखम चक्क काँक्रीटने लिंपतो. शेवटी तह होतो: पिल्लं बोगदे खणणार, माणसं खनिज उचलणार, कुणी कुणाच्या वाटेला जायचं नाही. यानोस प्रोहास्का नावाच्या कलाकाराने तो पोशाख स्वतः बनवला आणि आत शिरून तोच सरपटला. रबराच्या त्या ढिगाबद्दल माया वाटायला लावणं साधं काम नाही.

होर्टा मला आवडते, कारण तिचं प्रत्येक वागणं, पंप चोरण्यापर्यंत, एका प्रश्नाने उलगडतं: हिची पिल्लं कुठे आहेत? वर्गात मला हाच प्रश्न हवाय.

विस्तव

बाई, होर्टा घेताय तर आवर्तसारणीही जोडून घ्या. सिलिकॉन कार्बनच्या बरोब्बर खाली बसतो, त्यालाही चार हात. म्हणून लेखकांना पहिल्यापासून त्याचा मोह. पण एक अडचण आहे आणि ती मुलांना फार आवडेल. आपण कार्बन जाळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो वायू, श्वासातून बाहेर. सिलिकॉन जाळला तर सिलिका होते. म्हणजे वाळू. गारगोटी. ती नाकातून कशी सोडणार?

हे ओळखून १९३४ साली स्टॅन्ली वाइनबॉम या अमेरिकन लेखकाने मंगळावरच्या एका कथेत जो प्राणी रंगवला, तो माझा सर्वांत लाडका. तो बसून असतो. दर दहा मिनिटांनी तोंडातून एक वीट बाहेर काढतो आणि स्वतःभोवती ठेवतो. ती वीट म्हणजे त्याचा उच्छ्वास. विटा रचता रचता त्याच्याभोवती पिरॅमिड उभा राहतो. तो भरला की प्राणी वरचं टोक फोडून बाहेर येतो, थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा बसतो. कथेतला माणूस आणि त्याचा मंगळवासी सोबती पिरॅमिडांच्या रांगेच्या कडेने चालत येतात, पहिले पिरॅमिड अगदी छोटे आणि झिजून गेलेले, पुढचे मोठे होत गेलेले, आणि शेवटच्यात तो जिवंत बसलेला. लाखो वर्षांची एकाच जिवाची वाटचाल. डोळे नाहीत, शिकार नाही, कुणाशी वैर नाही. फक्त रसायनशास्त्र. नव्वद वर्षांपूर्वी, टीव्हीसुद्धा घरोघरी नव्हता तेव्हा, एका माणसाने 'श्वासाचा कचरा' या एका विचारातून हे उभं केलं. मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

वर्गात विचारा: तुमच्या उच्छ्वासाचा दगड झाला असता तर तुमचं घर कसं असतं? बघा काय काय चित्रं येतात.

भूजल

माझं उत्तर ठरलेलं आहे. अराकिस ग्रहावरचा वाळूतला महाकाय किडा, फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मधला. पुस्तक १९६५ चं. सिनेमा बघून आलेले लोक त्याच्या आकाराबद्दल बोलतात, शेकडो मीटर लांब, तोंडात स्फटिकासारखे दात, वगैरे. आकार सोडा. त्याचं पाण्याशी नातं काय आहे ते बघा.

मी माण-खटाव भागात पाणलोटाची कामं करतो. पाणी कुठे मुरतं, कुठे अडतं, कुणाच्या विहिरीला लागतं, हे रोजचं. त्यामुळे हे पुस्तक वाचताना मी कथेपेक्षा शेवटच्या परिशिष्टात जास्त रमलो. तिथे अराकिसच्या पर्यावरणाचा अख्खा हिशेब मांडलाय. सांगतो.

वाळूत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आहेत. ते मसाल्याच्या कणांवर जगतात. (मसाला म्हणजे तिथलं ते जगप्रसिद्ध द्रव्य, ज्याच्यावाचून त्या विश्वातली अवकाशयानं चालत नाहीत.) मोठा किडा हेच सूक्ष्म जीव खातो. जे वाचतात ते वाढतात, खोल जातात आणि त्यांचे होतात चपटे, चामडी जीव, ज्यांना पुस्तकात वाळूतले मासे म्हटलंय. या माशांचं काम एकच: जिथे म्हणून पाणी असेल तिथे जायचं आणि त्याला चहूबाजूंनी वेढून कोंडून टाकायचं. कोंडलेल्या पाण्यात त्यांची विष्ठा मिसळते, बुरशीसारखी वाढ होते, वायू साठत जातो, आणि एक दिवस सगळं वर उसळतं. तोच मसाला. त्या स्फोटात लाखो मासे मरतात. जे थोडे तगतात ते कोषात जातात, सहा वर्षांनी बाहेर येतात तीन मीटरचे किडे होऊन. आणि मोठ्या किड्याला पाणी विष असतं!

एकदा शांतपणे हे वर्तुळ काढून बघा. पिल्लं पाणी कोंडतात म्हणून ग्रह कोरडा, ग्रह कोरडा म्हणून मोठा किडा जिवंत, मोठा किडा जिवंत म्हणून मसाला पसरतो, मसाला पसरतो म्हणून पुन्हा पिल्लं. आपण समजतो वाळवंट आहे म्हणून असे प्राणी आहेत. इथे प्राणी आहेत म्हणून वाळवंट आहे. पुढच्या एका पुस्तकात तर सांगितलंय की हे वाळूतले मासे बाहेरून आले आणि त्यांनी एका ओल्या ग्रहाचा अराकिस केला.

आणि आता त्यावर राहणारी माणसं. फ्रेमेन लोक थेंब थेंब पाणी साठवतात, कारण पिढ्यानपिढ्या त्यांचं स्वप्न आहे ग्रह हिरवा करायचं. पण हिरवा झाला की किडा मेला. किडा मेला की मसाला गेला, वाहन गेलं, देव गेला. ते याच किड्यावर स्वार होतात, त्याच्याच दातांचे खंजीर करतात. स्वार होण्याची रीत मुलांना जरूर सांगा. वाळूत एक ठोके देणारं यंत्र रोवायचं, एका तालातल्या आवाजाने किडा येतो. शेजारून जाताना आकडा टाकून त्याच्या अंगावरच्या कड्याची कडा उचलून धरायची. आतल्या नाजूक भागात वाळू जाऊ नये म्हणून किडा ती बाजू वर फिरवतो आणि माणूस आपोआप पाठीवर जातो. जोवर आकडा उचललेला, तोवर किडा बुडी मारत नाही. म्हणजे राक्षसाला काबूत आणायला ताकद लागलीच नाही, त्याला खुपतं कुठे हे माहीत असणं पुरलं.

हे हर्बर्टला सुचलं कुठे, तर अमेरिकेत ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर. फ्लॉरेन्स गावाजवळ वाळूच्या सरकत्या टेकड्या रस्त्यांवर यायच्या, आणि सरकार तिथे गवत लावून वाळू थोपवत होतं. त्यावर लेख लिहायला तो १९५० च्या दशकात गेला. लेख तेव्हा छापून आला नाही, पण त्याच्या डोक्यातून वाळू गेली नाही. आज त्याच किनाऱ्यावर ते युरोपातून आणलेलं गवत डोकेदुखी झालंय. त्याने वाळू इतकी जखडली की उघड्या वाळूत अंडी घालणाऱ्या एका छोट्या पाणपक्ष्याची जागाच गेली, आणि आता काही ठिकाणी गवत उपटायचं काम चालू आहे. पाण्याचं, मातीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. आम्हीही गावोगाव 'हिरवं करू' म्हणत फिरतो. माळरान कुणाचं तरी घर असतं, तिथे माळढोक असतो, धाविक असतो, लांडगा असतो, हे त्या काल्पनिक किड्याने मला जितकं पटवलं तितकं कुठल्याही कार्यशाळेने नाही.

पाल

भूजल यांचं वर्तुळ सुंदरच. पण एवढा प्राणी वाळूतून पळणार कसा? घर्षणानेच भाजून निघेल. तरी वाळूत पोहणं ही कल्पना मात्र अगदी खरी आहे. उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानात वाळूत पोहणारी एक सरडावर्गीय प्रजाती आहे, सापसुरळीच्या कुळातली, वीतभरसुद्धा नाही. शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांखाली वाळूत सोडून बघितलं, तर पृष्ठभागाखाली गेल्यावर ती पाय अंगाला चिकटवून घेते आणि नुसती अंगाला वळसे देत पुढे सरकते. आपल्या थरच्या वाळवंटातही तिची एक चुलत बहीण आहे. मुलांना आधी हिचा व्हिडिओ दाखवा, मग किडा आणा.

बांधावरून

बाई, नमस्कार. कृषी खात्यातून निवृत्त होऊन बराच काळ झाला. माझा आवडता जीव सांगितला की घरातली मंडळी तोंड फिरवतात, पण तुम्ही समजून घ्याल. १९७९ च्या 'एलियन' सिनेमातला.

मुलगा कॉलेजात असताना त्याने सीडी आणून लावली होती. बाकीचे घाबरून बघत होते आणि मी एकटा पुढे सरकून बसलो, कारण पडद्यावर जे चाललं होतं ते मी नोकरीभर उसाच्या फडात बघत आलो होतो.

आधी सिनेमातलं चक्र. यानात सात माणसं. एका ओसाड ग्रहावर चामड्यासारखी अंडी सापडतात. एक जण वाकून बघतो, अंडं उघडतं, त्यातून लांब बोटांचा जीव उडी मारून त्याच्या तोंडावर बसतो आणि शेपूट गळ्याभोवती आवळतो. कापायला जावं तर रक्ताचं ॲसिड, यानाच्या मजल्यांना भोकं पाडत खाली. पण माणसाला तो मारत नाही. उलट त्याला प्राणवायू पुरवतो, जिवंत ठेवतो. काही वेळाने आपोआप गळून पडतो, मेलेला. माणूस शुद्धीवर येतो, भूक लागली म्हणतो, सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. आणि जेवता जेवता छाती फाडून पिल्लू बाहेर येतं.

आता फडात या. उसावर खोडकीड पडते, कांडीकीड पडते. पतंग पानावर अंडी घालतो. त्याच्यावर आम्ही सोडायचो ट्रायकोग्रामा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशीच्या गोतातली माशी, नुसत्या डोळ्यांना धुळीचा कण वाटेल. ती काय करते? किडीच्या अंड्याच्या आत आपलं अंडं घालते. आतली अळी ते अंडं आतून खाते. अंडं काळं पडतं. काही दिवसांनी त्याला गोल भोक पडतं आणि किडीच्या अळीऐवजी आमची माशी बाहेर येते. ट्रायकोकार्ड म्हणतात ते हेच. पोस्टकार्डासारख्या कागदावर तांदळातल्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली, प्रत्येकात ही माशी. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या बापांनी ते उसाच्या पानाला टाचलं असेल.

छाती फाडण्याचं दृश्य हवं असेल तर तेही आहे. कोबीवर, कपाशीवर, तुरीवर कधी कधी अशी अळी दिसते की जिच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष चिकटलेत. अळी जिवंत असते. दुसऱ्या एका माशीची पिल्लं तिच्या आत वाढली, तिची कातडी फोडून बाहेर आली आणि तिथेच कोष विणून बसली. हृदयासारखे महत्त्वाचे भाग ती शेवटपर्यंत राखून ठेवतात, यजमान मेला तर घर गेलं. त्या सिनेमातला जीव प्राणवायू पुरवतो तो याच नियमाने. डार्विनला या माश्यांनी फार छळलं. १८६० साली एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की दयाळू देवाने मुद्दाम असं काही घडवलं असेल हे मला पटत नाही.

आपल्याकडे हीच माशी कीर्तनात येते. कीटक-भृंग न्याय तुम्ही ऐकला असेलच. भिंतीवर मातीचं घरटं करणारी कुंभारीण अळी उचलून आत कोंडते, आणि अळी तिच्या ध्यासाने तिचंच रूप होऊन बाहेर येते, तसा भक्त देवाचं ध्यान करता करता देव होतो. किती बारीक निरीक्षण! अळी आत गेली हे बघितलं, कुंभारीण बाहेर आली हे बघितलं. मधलं बंद दाराआड. आत कुंभारणीचं अंडं असतं, आणि कोंडलेली अळी त्यातून निघालेल्या पिल्लाची शिदोरी. एकाच घरट्याकडे बघून संतांनी भक्ती सांगितली आणि सिनेमावाल्यांनी भीती. मला दोन्ही मनापासून आवडतात.

एक तक्रार मात्र आहे. छातीतून निघालं तेव्हा ते पिल्लू हातभर होतं. काही तासांत माणसापेक्षा उंच. एवढं वजन आलं कुठून? खाल्लं काय? सिनेमा हे सांगतच नाही. (आतला नट नायजेरियाचा बोलाजी बडेजो, जवळजवळ सात फुटी. एच. आर. गीगर या चित्रकाराने घडवलेलं ते रूप त्याच्या उंचीमुळेच खरं वाटतं.) माझ्या माशीचा हिशेब चोख असतो. अंडं एवढंसं, म्हणून माशीही एवढीशी. मुलांना हा हिशेब मांडायला लावा. कोणता जीव खरा वाटतो आणि कोणता नुसता दिसायला भारी, हे त्यांचं त्यांना कळेल.

अपरिचिता

सगळे प्रतिसाद आवडले. 'बांधावरून' काकांचा तर जपून ठेवणार आहे. पण मला थोडं भांडायचंय.

जीव म्हणजे हिशेब जुळलाच पाहिजे असं का? माझा सर्वांत आवडता जीव म्हणजे सोलारिस ग्रहावरचा समुद्र. पोलिश लेखक स्टानिस्लाव लेम, १९६१. अख्ख्या ग्रहावर पसरलेला एकच जीव. ग्रहाला दोन सूर्य आहेत, एक तांबडा, एक निळा. गणिताने त्याची कक्षा टिकायलाच नको, पण हा समुद्र ती सावरून धरतो. कशी, कुणाला माहीत नाही. तो स्वतःतून प्रचंड आकार उभे करतो, काही तर सममितीच्या अशा इमारती की ज्यांच्या आत भूमितीच चालताना दिसते, आणि थोड्या वेळात मोडून टाकतो. माणसांनी शंभर वर्षं अभ्यास केला. आकारांना नावं दिली, वर्ग पाडले, ग्रंथालयं भरली. तो खातो काय, त्याला आपण दिसतो का, तो विचार करतो म्हणजे काय करतो, एकाचंही उत्तर नाही. आणि एके रात्री तो केल्विन नावाच्या शास्त्रज्ञाच्या खोलीत त्याची मेलेली बायको पाठवतो. त्याच्याच आठवणीतून काढून, जशी आठवते तशी. शिक्षा म्हणून, भेट म्हणून, की नुसतंच? तेही कळत नाही.

बाई, तुमच्या चारही प्रश्नांना इथे उत्तर नाही. तरी हा जीव वर्गात न्याच. नाव दिलं, वर्ग पाडला म्हणजे समजलं, असं मुलांना वाटायला लागतं, आणि ते शाळेतच वाटायला लागतं.

आणि आता तुमच्या बाजूने एक. 'हा खातो काय' या एका प्रश्नावर उभा असलेला जीव आपल्या मातीतलाच आहे: 'तुंबाड'चा हस्तर. सिनेमा २०१८ चा, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा थोरला आणि लाडका. आईचं सगळं सोनं त्याने घेतलं, पण धान्यावर हात टाकायला गेला आणि बाकीच्या देवांनी त्याच्यावर घाव घातले. आईने पोटात घेऊन वाचवला, पण अट पडली की त्याची पूजा कधी होणार नाही. तेव्हापासून तो तिच्या गर्भात, सोन्यावर बसलेला आणि उपाशी. सिनेमाचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, पिठाचं रिंगण आखून त्यात उभा राहतो. हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मोहरा लुटायच्या.

मला या जिवाची कणव येते. त्या पिठाच्या गोळ्यावर तो ज्या आतुरतेने झेपावतो ती भूक खरी आहे, सतत पडणाऱ्या कोकणातल्या पावसाइतकी खरी. जगातलं सगळं सोनं असून मूठभर पीठ मिळत नाही. आणि लुटायला येणाऱ्याला तेच पीठ घरी रोज मिळतं, तरी तो उतरतोच. तुमच्या वर्गाला सिनेमा दाखवता येणार नाही, तो मुलांसाठी नाहीच. पण गोष्ट सांगता येईल.

आठ_डोळे

माझ्याकडून कोळी. एड्रियन चायकॉव्स्कीच्या 'चिल्ड्रेन ऑफ टाइम' या २०१५ च्या कादंबरीत एका ग्रहावर माकडांना बुद्धिमान करायला सोडलेला विषाणू माकडांऐवजी उड्या मारणाऱ्या कोळ्यांना लागतो. पिढ्यामागून पिढ्या त्यांची संस्कृती उभी राहते. ते धाग्यांच्या थरथरीतून बोलतात, जाळ्यांची शहरं बांधतात, मुंग्यांच्या वारुळांना रसायनांनी वळण लावून त्यांचा संगणक म्हणून वापर करतात. तिथे माद्यांचं राज्य आहे, आणि आपल्याला जिवे मारलं जाऊ नये हा हक्कही नरांना झगडून मिळवावा लागतो. लेखक प्राणिशास्त्र शिकलेला, म्हणून कोळी माणसासारखे वागत नाहीत, कोळ्यांसारखेच शहाणे होतात. मला हे सगळ्यात अवघड वाटतं आणि म्हणून सगळ्यात आवडतं.

त्यातली जात, पोर्शिया, खरीच आहे आणि भारतातही आढळते. ती दुसऱ्या कोळ्यांची शिकार करते. त्यांच्या जाळ्याचा धागा असा छेडते की मालकाला वाटावं माशी अडकली. भक्ष्य नजरेआड होत असलं तरी लांबचा वळसा घेऊन बरोबर त्याच्या वर उतरते. मेंदू टाचणीच्या टोकाएवढा. उड्या मारणारे कोळी तुमच्या वर्गाच्या खिडकीतही असणार, बोट पुढे केलं की वळून बघतात. आणि हे मुलांना नक्की सांगा: ठाण्यात सापडलेल्या अशाच एका कोळ्याच्या जातीला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय.

शाळा_सुटली

किती दिलंत सगळ्यांनी! आजची सुट्टी हे वाचण्यात गेली आणि वहीची पानं भरली.

ठरवलंय ते सांगते. पहिल्या तासाला होर्टा आणि विस्तव यांचा विटांचा प्राणी. दुसऱ्याला भूजल यांचं वर्तुळ फळ्यावर, पण अर्धंच. पाणी कोंडणाऱ्या पिल्लांपर्यंत आणून खडू मुलांच्या हातात देणार. 'ग्रह हिरवा करावा की नाही' यावर वर्गाचे दोन गट पाडून वाद घालायला लावणार. आमच्याकडे नदीकाठची मुलं आहेत, पुराचं पाणी घरात आलेली, त्यांना पाणी हे विष असलेला जीव कसा दिसतो याची मला फार उत्सुकता आहे.

अपरिचिता, तुमचं भांडण मान्य. सोलारिस शेवटच्या तासाला. त्याच्यासमोर मी चारही प्रश्न लिहीन आणि चारही जागा कोऱ्या ठेवीन. मुलांनी हरकत घेतली तर उत्तमच. हस्तरची गोष्ट मात्र मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी सांगणार आहे, पोटात भूक असताना.

'बांधावरून' काका, तुम्हाला एक विनंती. ट्रायकोकार्ड वर्गात ठेवून माश्या बाहेर येताना मुलांना दाखवता येतील का? कार्ड मिळवायचं कुठून आणि सांभाळायचं कसं?

बांधावरून

बाई, अगदी दाखवता येतील. तुमच्या भागातल्या साखर कारखान्याची जैविक प्रयोगशाळा असेल तर तिथे विचारा, नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात. शाळेसाठी हवंय म्हटल्यावर एक कार्ड कुणी नाही म्हणणार नाही. घेताना माश्या कधी निघणार ती तारीख विचारून घ्या आणि त्याच्या एक-दोन दिवस आधीचं कार्ड घ्या. आणताना पिशवीत ओला रुमाल, गाडीच्या डिकीत उन्हात टाकू नका.

कार्डाची एक पट्टी कापून काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला तलम कापड आणि रबर. उन्हापासून आणि फवारणीच्या औषधांपासून लांब. त्या खोलीत डासांची कॉइलसुद्धा लावायची नाही. अंडी काळी आहेत हे मुलांना आधी भिंगातून दाखवा, पांढरट राहिलेली वेगळी ओळखायला लावा, त्यांत माशी नाही. निघण्याचा दिवस आला की सकाळी लवकर बघा, तेव्हा जास्त निघतात. कापडाला आतून मधाचं अगदी बारीक बोट लावलंत तर माश्या थोड्या जास्त जगतील. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना घेऊन जवळच्या उसात जा आणि बरणी उघडा. ज्याच्या शेतात सोडाल त्याने आठवडाभर तरी कीटकनाशक मारू नये, एवढं आधी बोलून घ्या.

बरणी ज्या टेबलावर ठेवाल त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांना ही अंडी फार आवडतात, एका रात्रीत कार्ड साफ करतात.